बेलभंडाऱ्याचं कुलूप

माझं नाव योगीराज लाड. बारशाच्या वेळी आईवडिलांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण चाळिशी दाराशी येऊन उभी राहिली तरी मी नावाला जागत होतो.

बंगळुराबाहेर बोम्मसंद्र्यात पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथले सर्व्हर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला बोलावतात, कुणी पासवर्ड विसरलं की मला बोलावतात, आणि दोन्ही झालं नसेल त्या दिवशी मी कामावर आलोय की नाही हेही कुणाच्या लक्षात येत नाही. अधूनमधून मी सगळ्यांना मेल पाठवतो, की बाबांनो, पासवर्ड कुणाला सांगू नका, चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवू नका. तो मेल कुणी उघडत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण कुणी उघडला ते बघण्याचं कामही माझ्याचकडे आहे.

जे. पी. नगरात मी आणि आई राहतो. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. पुढचा संसार आईनं साड्यांना फॉल-पिको करत ओढला. तिचं नाव महानंदा. आई हिमतीची बाई आहे. पोलीस, डॉक्टर, घरमालक, कुणाशीही ती एका सुरात बोलते. ती घाबरते फक्त राहुकाळाला. आमच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे ते तारखांसाठी नाही, राहुकाळासाठी आहे. रोजच्या त्या अशुभ दीड तासात ती दुधाचं नवं पाकीटसुद्धा फोडत नाही. मला पहिल्यांदा शाळेत न्यायचं होतं तेव्हा राहुकाळ लागला म्हणून तिनं मला फाटकाबाहेर धरून ठेवलं होतं. आत घंटा झाली, प्रार्थना झाली, पहिला तास झाला, आणि मग शुभ वेळ पाहून मी वर्गात शिरलो आणि बाईंचा धपाटा खाल्ला. आयुष्यात सगळीकडे उशिरा पोचायची सवय मला तिथून लागली, असं मी लोकांना सांगतो. आईला सांगत नाही.

आमचा समाज बंगळुरात जुना. किती जुना, ते प्रत्येक काका आपापल्या लहरीप्रमाणे सांगतो. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडण रंगात आलं की दोन्ही एकदम. समाजाचं एक मंडळ आहे, कॉटनपेटेतल्या गल्लीत, खाली गोदाम आणि वर हॉल. हॉलमध्ये खंडोबाची तसबीर आहे. शेजारचे लोक तिला मैलारलिंग म्हणून हात जोडतात. तसबिरीखाली एक हिरवं लोखंडी कपाट आहे, आणि कपाटाला लागून एका खुर्चीत विठोजी अण्णा असतात. अण्णा मंडळाचे चिटणीस. कापडाचं दुकान मुलांच्या हवाली केल्यापासून ते समाजातली लग्नं जुळवतात.

त्या कपाटात खण आहेत आणि प्रत्येक खणाला वेगळं कुलूप आहे. लग्नाच्या प्रत्येक मुलाला, मुलीला एक खण. आत फोटो, पत्रिका आणि 'स्वतःविषयी चार ओळी'. बाहेर चिठ्ठीवर फक्त नाव, शिक्षण, नोकरी आणि नक्षत्र. चिठ्ठी वाचून एखाद्या घराला रस वाटला तर त्यांनी अण्णांकडे किल्ली मागायची. अण्णा समोरच्या घराला विचारणार, ते हो म्हणाले तरच खण उघडणार. नाही म्हणाले तर गोष्ट अण्णांच्या पोटात राहणार. लेकीबाळींचे फोटो चारचौघांत फिरायला नकोत म्हणून ही पद्धत पडली. आमच्यात 'त्यांनी किल्ली मागितली' एवढं कानावर आलं की बायका कल्याणमंटपाची, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाची, चौकशी सुरू करतात.

पण आता मुलं गेली लांब लांब राहायला. कॉटनपेटेत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत मुलीचं वय वाढतं, अशी तक्रार सभेत झाली, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. समाजातला मी एकटाच सर्व्हरवाला.

"हेच कपाट कॉम्प्युटरात घाल," अण्णा म्हणाले. "बाहेर एक दार, आत खण. दाराची किल्ली सगळ्यांना, खणाची ज्याची त्याला. ह्याची त्याला लागता कामा नये. जमेल का?"

"अण्णा, हा तर पोरखेळ आहे," मी म्हणालो.

सर्व्हरवर हे काम खरंच सोपं असतं. फोल्डर म्हणजे कपाट, आतली फोल्डरं म्हणजे खण. ज्या फोल्डरला कुलूप हवं त्यात चार ओळींची एक फाइल ठेवायची. ती सर्व्हरला सांगते, की इथं दार आहे, दाराचं नाव हे, लोकांची नावं आणि पासवर्ड अमुक यादीत आहेत, आणि त्यातल्या कुणाला आत सोडायचं ते असं. आतल्या फोल्डरात दुसरी फाइल ठेवली की आतलं कुलूप वेगळं. बस्स. मी अण्णांना अगदी असंच 'बस्स' म्हणालो. 'बस्स' म्हणणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यावर विश्वास ठेवू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी डोळे बारीक केले. "आणि तुला सगळ्या खणांतलं दिसणार?"

"म्हणजे, सर्व्हरच माझ्याकडे म्हटल्यावर..."

"तू लग्नाचा. लग्नाचा मुलगा आणि किल्ल्यांचा जुडगा एका हातात? सरी नाही ते, बरोबर नाही."

मग त्यांनी मला खंडोबासमोर उभं केलं आणि माझ्या हातात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा ठेवला. बेलभंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात मोडत नाही. दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, ती डॉक्टरच्या सांगण्यावरून नव्हे, बेलभंडाऱ्यावर सोडलेली. मी म्हणालो, "माझा स्वतःचा खण सोडून दुसरा एकही खण मी उघडणार नाही आणि आत पाहणार नाही." हळद तळव्यात अशी मुरली की कारखान्यात दोघांनी मला काविळीचं औषध सुचवलं.

पासवर्ड, म्हणजे नव्या कपाटाची किल्ली, ठेवायला एकेक घर हॉलमध्ये आलं. फायली अण्णांनी स्वतः चढवायच्या, पासवर्ड ज्यानं त्यानं टाइप करायचा आणि तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, अशी व्यवस्था होती. पाठीमागं कुणीतरी एका बोटानं अक्षरं शोधत असायचं आणि मी देणगीदारांच्या नावांचा फलक वाचत असायचो. असा भिंतीकडे तोंड केलेला असतानाच मी प्रेमात पडलो.

ती आली होती वडिलांबरोबर. नाव आश्लेषा. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासूला वाईट, असं आमच्यात मानतात, इथल्या कन्नड घरांतही मानतात. जन्मल्या जन्मल्या सगळ्या भाऊबंदांनी तिच्या वडिलांना नक्षत्र लपवायचा सल्ला दिला. वडील तिरसट. त्यांनी रागानं मुलीचं नावच आश्लेषा ठेवलं. त्यांचा राग त्या दिवशीच शांत झाला असेल, पण मुलीचं लग्न तेव्हापासून अडलेलं होतं.

"अम्मा, नक्षत्राच्या रकान्यात काय घालू?" अण्णांनी जरा चाचरत विचारलं.

"नाव वाचून ज्यांना कळलं नाही, त्यांना रकाना वाचून काय कळणार अण्णा?" माझ्या पाठीमागून आवाज आला. "पण घाला. नंतर कुणी फसवलं म्हणायला नको."

मी फलकावरचं एकच नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. वळायची परवानगी मिळाली तोवर ती जिना उतरत होती. मला दिसली एक पाठ आणि हातातलं हेल्मेट. होसकोट्याला गाड्यांच्या ब्रेकचा एक कारखाना आहे, तिथं ती मालाची तपासणी करते, एवढं मला नंतर बाहेरच्या चिठ्ठीवरून कळलं. शपथेनं तेवढंच वाचायची मुभा होती, आणि ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

आता किल्ली मागायला काय हरकत होती? हरकत होती. सासूला वाईट म्हणजे माझ्या आईला वाईट. जी बाई राहुकाळात दुधाचं पाकीट फोडत नाही, तिच्यासमोर मी आश्लेषा नक्षत्राचं नाव काढणार कुठल्या तोंडानं? मला आईशिवाय कुणी नाही आणि तिला माझ्याशिवाय. तिनं 'नको' म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, आणि भीत भीत 'हो' म्हटलं असतं तर त्याहून वाईट. म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

मी मुकाट्यानं कुलपं लावली. कुलूप लावलं की तपासायचं असतं. मी ते माझ्याच खणावर तपासलं, कारण शपथेनं तेवढाच एक मोकळा होता. माझं नाव आणि बरोबर पासवर्ड घातला, उघडलं. चुकीचा पासवर्ड घातला, हाकलून दिलं. एवढ्यावर खूश होऊन मी तीच चार ओळींची फाइल बाकीच्या सगळ्या खणांत, आत न पाहता, जशीच्या तशी टाकून दिली. माझा पासवर्ड मी इतका लांबलचक आणि अवघड ठेवला होता की मलाच तो बघून घालावा लागे. आणि माझ्या 'चार ओळीं'त, आपल्या खणात कोण येणार आहे या खात्रीनं, खरं ते लिहून टाकलं: 'लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. मी शांत नाही, घाबरट आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.' फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच लावला. त्यात मी नुकताच चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो.

वेबसाइट सुरू झाली आणि एक चमत्कार झाला. अण्णांकडे किल्ली मागायला कुणी येईना. तरी लग्नं मात्र पटापट जमायला लागली. घरंच एकमेकांना थेट फोन करून मोकळी होत. अण्णा म्हणाले ही बेलभंडाऱ्याची पुण्याई, आणि मी नम्रपणे मान खाली घालून थोडं श्रेय स्वतःकडे ठेवून घेतलं. माझी किल्ली मागायलाही कुणी आलं नाही, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, लोकांनी आपल्याला अजून पाहिलेलं नाही, एवढंच.

मग थंडीतल्या एका रविवारी सकाळी आई टेबलाशी अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसली होती. समोर टॅब. तो मीच तिला घेऊन दिला होता, माझा पासवर्ड आत साठवून, म्हणजे आपल्या लेकाचा खण उघडून बघत तिनं समाधान मानावं. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "त्या आश्लेषाचं अक्षर चांगलं आहे रे. पत्रिका हातानं लिहिलीय."

"तुला काय माहीत?"

"बघितली की."

"कुठं बघितलीस?"

"खणात. अजून कुठं?"

"किल्ली कुणी दिली तुला?"

"किल्ली कशाला? बोट ठेवलं, उघडलं. मी सगळेच बघते. दुपारी वेळ जातो. मला वाटलं, तू कुलपंवाला, म्हणून तुझ्या आईला मोकळं असेल."

मी ताबडतोब खुर्ची फिरवून टॅबकडे पाठ केली आणि फ्रिजकडे तोंड करून बसलो. "आई, आता माझ्यासमोर एकेक खण उघड. म्हणजे माझ्यामागं उघड. काय दिसतं ते सांगू नकोस. उघडला की नाही एवढंच सांग."

"हा उघडला."

"पुढचा?"

"उघडला. हा पण उघडला. योगी, तू सुम्ने उगाच तिकडं का बघतोस? दुधाचं पाकीट संपलं का?"

जगात कुणी सर्व्हरवाल्यानं फ्रिजकडे बघत बिघाड शोधला नसेल. मी शोधला, आणि तो कळायला मला फार वेळ लागला नाही. माझ्या चार ओळींतली शेवटची ओळ सर्व्हरला सांगत होती, की यादीतल्या कुणालाही आत सोड. फक्त ह्याच घराला सोड, असं नाही. कुणालाही. आणि समाजातल्या सगळ्या घरांची नावं त्या एकाच यादीत होती. म्हणजे ज्याच्याकडे एक किल्ली, त्याला सगळे खण मोकळे. वर मी दाराचं नावही सगळीकडे एकच ठेवलेलं, म्हणून कॉम्प्युटरला सगळी दारं एकच वाटत होती आणि तो न विचारता तीच किल्ली सगळीकडे लावत होता. माझ्या खणावर मी कितीही तपासलं असतं तरी हे कळलं नसतं, आणि दुसऱ्याचा खण उघडून बघायची मला शपथ होती.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. किल्ल्या का मागितल्या जात नव्हत्या ते कळलं. लग्नं पटापट का जमत होती ते कळलं. आणि हेही कळलं, की माझी किल्ली कुणी मागितली नाही ती मला पाहिलं नव्हतं म्हणून नव्हे. सगळ्या समाजानं मला नीट पाहिलं होतं.

"आणि तिनं काय लिहिलंय ते ऐक," आई म्हणाली.

"आई, नको! शपथ आहे."

"बघणार नाही म्हणालास. ऐकणार नाही म्हणाला होतास का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतो म्हणालो. अण्णांच्या शपथेत ही फट राहिली याबद्दल मी मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले.

आई एकेक शब्द सावकाश वाचू लागली. "'माझं नक्षत्र माझ्या नावातच आहे. त्याबद्दल काही विचारायचं असेल तर होणाऱ्या सासूबाईंनी स्वतः विचारावं. मुलानं आईच्या नावामागं लपू नये.'"

समोर फ्रिजवर राहुकाळाचं कॅलेंडर होतं. माझे कान गरम झाले. मला इतकं उघडं पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इतका आनंदही बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"बरोबर लिहिलंय की," आई म्हणाली. शेंगा सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला किल्ली मागायचीय का?"

"मला कुलूप दुरुस्त करायचंय," मी म्हणालो.

"ते पण कर," आई म्हणाली.

मी आधी अख्खी वेबसाइट बंद केली आणि मग अण्णांना फोन लावला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांना बोलावतो. त्यांच्यासमोर सांग आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नीट कर. लाज जायची ती एकदाच जाऊ दे."

संध्याकाळी चारलाच हॉल भरला. कॉफी आणि मद्दूर वडे फिरले. मी उभा राहून सांगितलं, की चूक माझी आहे, आणि इतके महिने कुणाच्याही किल्लीनं कुणाचाही खण उघडत होता. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. सगळे आपापल्या वड्याकडे बघू लागले.

अण्णांना शंका आली. त्यांनी बेलभंडाऱ्याचं ताट टेबलावर आणून ठेवलं. "ज्यांनी दुसऱ्याचा एकही खण उघडला नाही, त्यांनी पुढं येऊन हा उचलावा."

कुणी उठलं नाही. एका काकांना फोन आल्यासारखं झालं, ते जिन्यात गेले. एक मावशी साडीची निरी नीट करू लागल्या. ताटातला भंडारा पंख्याच्या वाऱ्यानं थोडा उडाला, तेवढंच.

"अण्णा, मी एक उघडला होता." मागच्या रांगेतून आवाज आला. मी तो आवाज ओळखला. या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं, त्यामुळे चेहराही दिसला. रुंद कपाळ, जाड भुवया, मांडीवर हेल्मेट. "आणि तेव्हाच तुम्हाला फोन करून सांगितलं होतं, की कुलूप चुकलंय."

अण्णा भंडाऱ्याइतके पिवळे पडले. "सांगितलं होतंस, अम्मा. मी म्हटलं, पोरानं बेलभंडारा उचललाय, कुलूप चुकेल कसं?" मग सावरून त्यांनी विचारलं, "कुणाचा उघडलास?"

"कुलपंवाल्यांचा. तपासायचं तर ज्यानं बनवलं त्याच्यावरच तपासावं. मी माझी किल्ली लावली, तर उघडलं."

"मला तपासता येत नव्हतं," मी घाईघाईनं म्हणालो. "शपथ होती. दुसऱ्याचा खण उघडायचा नाही अशी."

"दुसऱ्याची किल्ली तुमच्या खणाला लावून बघता आली असती की," ती म्हणाली. "कुणालाही बोलवायचं, त्याची किल्ली त्यानं टाइप करायची, तुम्ही भिंतीकडे बघायचं. शपथ कुठं मोडते त्यात?"

हॉलमध्ये पहिल्यांदा हशा झाला. मला त्या क्षणी वाटलं, की नोकरी सोडून फॉल-पिको शिकावं.

मी लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावून प्रत्येक कुलपाची शेवटची ओळ बदलली. 'यादीतल्या कुणालाही' काढलं आणि त्या त्या घराचं एकट्याचं नाव घातलं. दारांची नावंही वेगळी केली. मग आश्लेषा पुढं आली, तिनं माझ्या खणावर स्वतःची किल्ली लावली, आणि सर्व्हरनं तिला बाहेर उभं केलं.

"आता लागत नाही," ती म्हणाली. "बरोबर झालं."

काम फत्ते झालं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्यासाठी उघडं असलेलं माझं एकमेव दार मी स्वतःच्या हातानं तिच्या तोंडावर लावून घेतलं होतं. ती अजून लॅपटॉपजवळ उभी होती. अण्णा माझ्याकडे बघत होते. बोलायची वेळ हीच होती. मी घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या हॉलला विचारलं, "आणखी कुणाला काही शंका?"

"मला आहे," आई म्हणाली.

ती उठून सरळ ताटापाशी गेली. पण तिनं भंडाऱ्याला हात लावला नाही. "अण्णा, मी सगळे खण उघडले. पोरानं कुलूप चुकवलं आणि मी बघितले, दोघांची चूक झाली. आता रीतीनं मागते. आश्लेषाच्या खणाची किल्ली द्या."

कुणीतरी कप खाली ठेवला, तो खणकन वाजला. अण्णांनी आवाज उतरवला. "महानंदाक्का, स्वल्प विचार करा. नक्षत्र बघितलं ना? ते सासूला..."

"सासू कोण होणार?"

"तुम्हीच की."

"मग वाईट व्हायचं ते माझं होईल. मी भिणार नाही म्हणते, आणि तुम्ही माझ्या वतीनं भिता? माझा नवरा चांगल्या नक्षत्रावर जन्मला होता अण्णा. आमच्या पत्रिकांचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते. आणि मला काय काय बघावं लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं तरी माझ्या पसंतीनं होऊ दे."

माझे डोळे भरून आले. ते मी लॅपटॉपच्या मागं लपवले, कारण लपण्याची सवय एका दिवसात जात नाही.

अण्णांनी आश्लेषाच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती माझ्या आईकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग ती म्हणाली, "आमच्याकडून सरी. आणि अण्णा, आम्हालाही किल्ली हवी, लाडांच्या खणाची. मागच्या वेळी न मागता उघडला होता, ते मनाला लागून राहिलं होतं."

"तू तर वाचलंयस सगळं," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर मागते. बाकी मुलं काय लिहितात ते मला माहीत आहे. घाबरट आहे म्हणून लिहिणारा हा एकच असेल."

मी तो लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून तिला दिला. आयुष्यभर लोकांना पासवर्ड कागदावर लिहू नका म्हणून सांगत आलो, आणि पहिल्यांदाच कुणी मागितला तेव्हा लिहायला मला दुसऱ्याचं पेन मागावं लागलं, इतका मी गडबडलो होतो. तिनं तो वाचला आणि भुवया उंचावल्या. "एवढं मोठं कुलूप कशाला? आत येणार कोण होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजतागायत सुचलेलं नाही, आणि ती अजून अधूनमधून विचारते.

ऑटोत बसल्यावर मी घड्याळ पाहिलं. रविवार होता. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा, आणि सहा वाजायला अजून अवकाश होता.

"आई," मी म्हणालो, "तू किल्ली मागितलीस तेव्हा राहुकाळ चालू होता."

"माहीत आहे. हॉलमधल्या घड्याळात बघूनच उठले."

"मग थोडं थांबली का नाहीस?"

आईनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि बाहेर बघत म्हणाली, "थांबले असते रे. पण राहुकाळ रोज संपतो. तुझं गप्प बसणं संपत नाही."